देवाचा राग आला तर ते पाप होतं का, मावशी?

अंबड तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र या वेळी घेतलं आहे. तिच्या सांगण्यावरून नाव-गाव काढलं आहे. पत्र लांब होतं, थोडं आटोपतं घेतलं आहे, शब्द तिचेच.

"मावशी, जय ख्रिस्त. दीड वर्षापूर्वी आमच्या मालकांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही जालन्याला डायलिसिसला जातो. तीन एकर रान आहे. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन उभ्या जागी सडलं, वरच्या अंगाला तुरीच्या चार ओळी तेवढ्या उभ्या आहेत. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. डॉक्टरांनी यांना पाणी मोजून द्यायला सांगितलंय. मी सकाळी दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवते. परवा रात्री उठून बघते तर हे अंधारात माठाला गाल लावून बसलेले. पाणी पीत नव्हते, नुसते गारव्याला बसलेले. मला बघून म्हणाले, मी गेलो तर तुम्ही सुटाल.

मंडळीत सगळे म्हणतात धीर धर, देव झेपेल तेवढंच देतो. एक ताई म्हणाल्या, घरात कुणाचं तरी पाप लपलं असेल, कबूल करा. बाहेरून आलेले एक प्रचारक सभेत म्हणाले, विश्वासाचं बी पेरा, पन्नास हजार द्या, मशीन बंद करून उपास धरा, तीन महिन्यांत साक्ष द्यायला उभे राहाल. माझ्याकडं आईचं गंठण आहे. मोडू का? गावातले विचारतात, तुमच्या येशूनं काय केलं? मला उत्तर येत नाही. खरं सांगते मावशी, दोन महिने झाले, प्रार्थनाच होत नाही. गुडघे टेकले की देवाचा राग येतो. ते पाप होतं का? आणि भरवसा ठेव म्हणतात, तो ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?"

पोरी, जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माठाशी बसलेला तुझा मालक डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या प्रश्नांकडं येते, पण त्याआधी दोन कामं आहेत, ती आजच्या आज कर.

"मी गेलो तर तुम्ही सुटाल" हे बोलणं कानाआड टाकू नकोस. आजारी माणूस कंटाळून असं बोलतोच, असं तुला कुणी सांगेल. त्याचं ऐकू नकोस. शेतकऱ्याच्या घरात फवारणीच्या औषधाची बाटली कुठंतरी कोनाड्यात नाहीतर गोठ्यात असतेच. ती आज उचल आणि भरवशाच्या माणसाकडं कुलपात ठेवायला दे. मग मालकांजवळ बस आणि सरळ विचार, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही, आत दाबून ठेवलेलं बाहेर यायला वाट मिळते. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि मंगळवारची वाट न बघता डॉक्टरांना कळव. सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. तुलाही तिथं बोलता येईल. दीड वर्ष तू एकटीनं ओढते आहेस.

हे सांगताना मी विश्वासाबाहेरचं काही सांगते आहे असं मला वाटत नाही. एलीया संदेष्टा आठव. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला ज्यानं बघितला, तोच माणूस ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याच्यावर रागावला नाही. वचन पाठ म्हणायला लावलं नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपला, परत त्याला उठवून खाऊ घातलं, आणि देवदूत म्हणाला, ऊठ, खा, वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. बोलणं झालं ते पुढं, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर, होरेब डोंगरावर. शास्त्रातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. मालकांना वाचून दाखव, जमलं तर शुक्रवारी, ते मशीनला लागलेले असताना. चार तास असतात तुमच्याकडं.

आता गंठण. मोडू नकोस. आईचं आहे, मुलीच्या शिक्षणाला नाहीतर अडीनडीला लागेल. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाला तेव्हा सोनं, चांदी, भारी कपडे घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारात उभा राहिला. अलीशानं देवाची शपथ घेऊन सांगितलं आणि एक कवडी घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून पळत गेला, खोटं बोलून चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि नामानाचं कोड त्याला चिकटलं. देवानं बरं करण्याची किंमत माणसानं वसूल करणं पवित्र शास्त्राला किती मान्य आहे, ते यावरून समज. पन्नास हजार मागणाऱ्या त्या प्रचारकांना तुझ्या घरी जेवायला बसव, पाणी दे, आणि हात जोडून वाटेला लाव.

आणि मशीन बंद करायचं नाही. एकही पाळी चुकवायची नाही. दोन्ही किडन्या काम करत नसताना डायलिसिस थांबलं तर थोड्याच दिवसांत जिवावर बेततं. उपासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, त्यानं भिंतीकडं तोंड करून रडून प्रार्थना केली, देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली. तरी यशया संदेष्ट्यानं काय सांगितलं? अंजिराची ढेप आणा आणि गळवावर बांधा. वचन देवाचं आणि लेप अंजिराचा, दोन्ही एकाच घरात. जालन्याला मिशनचा दवाखाना उभा राहिला तोही प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच उभा केला होता. सुईला, औषधाला, डॉक्टरच्या हाताला देवाच्या विरुद्ध उभं करणारी शिकवण आपली नव्हे.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठ. जिल्हा रुग्णालयात गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची केंद्राची योजनाही २०१६ पासून आहे. आणि डॉक्टरांना किडनी बदलण्याबद्दल एकदा स्पष्ट विचार. अवयवदानाची प्रतीक्षायादी आपल्या विभागासाठी छत्रपती संभाजीनगरातून बघितली जाते. सोयाबीनच्या पंचनाम्याच्या यादीत नाव आहे ना, हेही तलाठ्याकडं बघून घे.

आता तुझा खरा प्रश्न.

नाही, देवाचा राग येणं पाप नाही. निदान तुझा राग तरी नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रडण्याचा, गाऱ्हाण्याचा आहे. तेराव्या स्तोत्रात दावीद विचारतो, परमेश्वरा, कुठवर? कायमचा विसरणार आहेस का मला? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून बघ, ते अंधारातच संपतं. शेवटी कुणी उजेड पाडलेला नाही, कुणी "तरीही तुझी स्तुती असो" असं जोडलेलं नाही. ज्यांनी शास्त्र लिहिलं आणि ज्यांनी जपलं, त्यांनी ते तसंच ठेवलं. आणि वधस्तंभावर आपल्या प्रभूच्या तोंडी जे आलं तेही बाविसाव्या स्तोत्रातलं गाऱ्हाणंच होतं: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तुला वाटतं तू गुडघे टेकून प्रार्थना करत नाहीस. पण तो राग तू कुणाकडं घेऊन जातेस? शेजारणीकडं नाही, त्याच्याकडंच. ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याचं नावच टाकतं. सगळं गमावलेल्या ईयोबानं आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, आणि शेवटच्या अध्यायात देव त्याच्या शहाण्या मित्रांना म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत.

ते मित्र वाईट नव्हते, बरं का. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

मला हे कळायला किल्लारीला जावं लागलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, चार वाजायच्या आत जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंती, वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. मरणारे दहा हजारांच्या घरात. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. दोन-तीन आठवड्यांनी आमच्या मंडळीतून आम्ही आठजण पांघरुणं आणि भांडी घेऊन तिकडच्या एका गावात गेलो. पत्र्याच्या शेडबाहेर एक बाई बसली होती. मांडीवर पितळेचा डबा, ढिगाऱ्यातून काढलेला, आत पीठ आणि पिठात माती. तिची दोन लेकरं गेली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "देवाची इच्छा, बाई. तो करतो ते..." पुढचं मी बोललेच नाही, कारण ती उठली, डबा काखेत मारला आणि माझ्याकडं न बघता शेडमागं गेली. आमच्यात एक म्हातारी होती, लिहिता-वाचता न येणारी. ती काही न बोलता तिच्या मागं गेली. तासाभरानं मी जाऊन बघते तर दोघी समोरासमोर बसून पीठ चाळत होत्या. म्हातारी चाळायची, ती बाई खडे वेचायची. ते पीठ खाण्याजोगं नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं.

तेव्हापासून मी "देवाची इच्छा" हे शब्द दुसऱ्याच्या दुःखावर ठेवत नाही.

घरातल्या लपलेल्या पापाचं ज्या ताई बोलल्या, त्यांना लूकचा तेरावा अध्याय वाचायला सांग. तुला सांगवत नसेल तर पाळकांना सांगायला लाव. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. लोक तेव्हाही असंच कुजबुजत असणार. प्रभूनं विचारलं, ती अठरा माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हांला वाटतं काय? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला, याचं पाप की याच्या आईबापाचं? तेव्हाही प्रभूचं उत्तर हेच, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. मालकांच्या किडन्यांचं कारण रक्तदाब असेल, साखर असेल, आणखी काही असेल. ते डॉक्टरांना विचारायचं. तुमचं पाप शोधत रात्र जागवायची नाही.

"देव झेपेल तेवढंच देतो" हेही वचन नाही. पहिल्या करिंथकरांस पत्रात, दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की शक्तीपलीकडं देव तुमची परीक्षा होऊ देणार नाही. पण तिथं विषय मोहाचा, मूर्तिपूजेचा चालला आहे, दुखण्याचा आणि कर्जाचा नाही. ओझ्याबद्दल तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आसिया प्रांतात आमच्यावर आमच्या ताकदीबाहेरचा भार आला, जगण्याची आशाच सुटली. पौलाला झेपलं नाही. तुला झेपत नाही म्हणून तुझ्यात काही उणं आहे असं नाही. तुला झेपत नाही, कारण ते एका बाईनं पेलायचं ओझंच नाही.

मग धीर म्हणजे काय? मंडळीत "धीर धर" म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात असतं, बाई गप्प बस, सोस. शास्त्रात तसं नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीराचा नमुना म्हणून कोण उभा केलाय? शेतकरी. पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघत जमिनीच्या मोलाच्या पिकासाठी धीर धरणारा. त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यावर पेरणी. शेवटचा मार्च-एप्रिलात, त्यावर दाणा भरतो. तुला मी शेतकऱ्याबद्दल काय सांगू? मृग कोरडा चाललाय म्हणून तुमच्या घरात कधी कुणी हातावर हात ठेवून बसलं का? नांगरट झालेली असते, वखराच्या पाळ्या झालेल्या असतात. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवलं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्यानं मोजायचे, सत्तरच्या खाली उगवले तर बी जास्त धरायचं. आणि शेजाऱ्यानं पहिल्या सरीवर घाई केली तरी चांगला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होईस्तोवर तिफण बाहेर काढायची नाही. हे सगळं मिळून धीर होतो. पाऊस आपल्या हातात नाही, बाकी सगळं हातात आहे, आणि ते करत करत आभाळाकडं बघायचं. पहाटेची गाडी धरणं, बाटलीत पाणी मोजणं, फाइल सांभाळणं, पोरीला बारावीला बसवणं. पोरी, तू दीड वर्ष हेच करते आहेस. तू धीर धरलाच आहेस. तुला कुणी सांगितलं नाही एवढंच.

त्याच अध्यायात शेतकऱ्याच्या तीनच वचनं आधी काय आहे, ते सहसा कुणी वाचत नाही. तिथं याकोब श्रीमंतांना झापतो आहे: तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांची आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. मजुरांच्या बाजूनं एवढं बोलून मग तो त्याच माणसांना धीर धरा म्हणतो. बीड-जालन्याकडच्या ऊसतोडीच्या कोयत्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून दवाखान्यात कुणी उगीच हेलपाटे घालायला लावले, योजनेत असून पैसे मागितले, तर तक्रार कर, भांड. त्यानं तुझा धीर मोडत नाही. ईयोबाच्या बाबतीत याकोबानं जो ग्रीक शब्द वापरला, हुपोमोने, त्याचा अर्थच ओझ्याखाली टिकून राहणं असा आहे. टिकणारा माणूस ओरडतोही.

भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचं, या प्रश्नाचं मला जेवढं कळलं तेवढं सांगते. माझे मालक पक्षाघातानं नऊ महिने अंथरुणाला होते. मी सगळ्या प्रार्थना केल्या, मंडळीनं केल्या, साखळी-प्रार्थना झाल्या. ते गेले. तेव्हा माझीही प्रार्थना बंद पडली होती. आमच्या एका जुन्या पाळकबाई मला म्हणाल्या, तेरावं स्तोत्र सहा वचनांचं आहे, त्यातलं तुला खरं वाटतं तेवढंच म्हण, पुढचं सोड. मी पहिली दोनच म्हणायचे. कुठवर? कुठवर? आणि शास्त्र मिटायचं. रोज, दिवा मालवायच्या आधी. शेवटची दोन वचनं, ती भरवशाची आणि गाण्याची, मी कधी म्हटली ते मला पक्कं आठवतं, त्या वर्षीच्या नाताळानंतर, एका साध्या बुधवारी, भाकरी थापताना आपोआप तोंडात आली. मी त्यासाठी काही केलं नव्हतं. तू दोन वचनांपासून लाग. दोनही जड गेली तर एक म्हण.

तुझे मालक बरे होतील असं मी लिहिणार नाही, कारण मला ते माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असल्यासारखं वाटतं त्यांच्यापासून तू आत्ताच पोळली आहेस. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघ. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा गेला. हे सगळं ख्रिस्ताकडं येण्याआधीचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा. म्हणजे त्यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, त्या प्रचारकांच्या हिशोबानं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्या आधीच गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या. मधल्या काळात, १८९६-९७ च्या दुष्काळात, भुकेनं मरायला टेकलेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणून वाचवल्या. स्वतः दुष्काळात उपाशी चाललेली बाई होती, तिला भूक काय ते ठाऊक होतं. भरवशानं त्यांचं घर राखलं नाही. भरवसा त्यांना त्या मुलींपर्यंत घेऊन गेला.

गावातले विचारतात, तुमच्या येशूनं काय केलं. हा प्रश्न जुना आहे. वधस्तंभाखाली उभे राहून लोक हेच म्हणत होते, यानं दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. त्यांना प्रभूनं उत्तर दिलं नाही. तूही देऊ नकोस. पण तुला एक सांगते. योहानानं त्या वेळचा प्रभूचा एक शब्द टिपून ठेवला आहे: "मला तहान लागली आहे." ज्यानं शोमरोनी बाईला जिवंत पाणी देऊ केलं, त्याचे ओठ सुकले होते. तुझ्या माठाशी अंधारात एक माणूस बसलेला असतो तेव्हा मला तो शब्द आठवतो. तहान काय असते हे त्याला ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे. गावाला यातलं काही सांगायची गरज नाही.

मदत घ्यायला लाजू नकोस, तुझ्या पत्रात मला ती लाज दिसली. रूथ परक्या गावात बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. आपल्याकडंही कापणीनंतर बाया जातात, तसंच. बवाजानं गड्यांना सांगितलं, तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून कणसं टाकत जा, तिला धमकावू नका. म्हणजे तिला उचलताना खाली बघावं लागू नये. तुझ्या मंडळीनं असं करायला हवं आणि त्यांना ते सुचत नसेल तर तू पाळकांना जाऊन नावानिशी माग: मंगळवारी पोरांचा डबा कोण करेल, शुक्रवारी म्हशीचं कोण बघेल, महिन्यातून एकदा तुझ्याऐवजी मालकांसोबत गाडीत कोण बसेल. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना सांगायचं. आणि रविवारी मागच्या बाकावर बस. गीत म्हणवलं नाही तर म्हणू नकोस, बाकीचे म्हणतील.

तहानेचं एक, आमच्या नात्यातल्या एका नर्सनं सांगितलेलं. मीठ, लोणचं, पापड जेवढं कमी, तेवढी तहान कमी. थंड पाण्यानं चूळ भरून टाकायची, ओठ ओले करायचे. बर्फाचा एखादा तुकडा चघळायला दिला तर बरं वाटतं, पण तो बाटलीच्या हिशोबात धरायचा आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. माठ मात्र त्यांच्या जवळून हलवू नकोस. गाल लावू दे. रात्री जाग आली आणि ते तिथं दिसले तर तूही जाऊन शेजारी बस, बोलायचं काही नाही.

तुझ्या लेकीला परीक्षेच्या आधी मला एक पत्र टाकायला सांग. मालकांना माझा सलाम. आणि तूर निघाली की कळव, किती झाली ते.

तुझी मावशी